कचऱ्याचे टक्के एकाच काट्यावर मोजा: नगरविकास विभागाला आणि सगळ्या महापालिकांना खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई,
आणि राज्यातल्या सगळ्या महापालिकांचे आयुक्त व नगरपालिकांचे मुख्याधिकारी यांस,

नमस्कार.

आधी एक आकडा देते, मग बाकीचं बोलू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा जो वार्षिक अहवाल आहे त्यात राज्यांचा तक्ता आहे, महाराष्ट्राच्या ओळीत लिहिलंय रोजचा कचरा साधारण २२,६३३ टन (देशात सगळ्यात जास्त आपलाच) आणि त्यातला १५,०५६ टन 'ट्रीटेड', म्हणजे प्रक्रिया झालेला. भागाकार करा, ६६.५ टक्के येतात. आता वेल्स म्हणून ब्रिटनमधला जो छोटा देश आहे, कचऱ्याचा विषय निघाला की जगभर ज्याचं नाव घेतात, त्याचा २०२३-२४ चा रिसायकलिंगचा सरकारी आकडा आहे ६६.६ टक्के. वर्षं वेगळी आहेत, मान्य, पण टक्क्याच्या दहाव्या भागानेच मागे आहोत आपण. पेढे वाटायला हवेत की नाही?

माझी मावसबहीण कार्डिफला राहते, तिला मी गंमत म्हणून हे दोन आकडे पाठवले तर तिचा लगेच रिप्लाय, "अगं मग तुमच्याकडे अजून डेपो कशाला लागतो?" आता काय उत्तर देणार. पण प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे आणि तो मी तुमच्याकडे सरकवतेय, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असायला हवं.

तिच्याकडे कसं चालतं ते थोडक्यात सांगते. ओट्यावर एक छोटा झाकणाचा डबा, त्यात उरलंसुरलं अन्न, सालं, चहाचा चोथा, माशाचे काटे सगळं, तो दर आठवड्याला नेतात आणि त्याचा बायोगॅस करतात. कागद-पुठ्ठा वेगळा, काच वेगळी, डबे-बाटल्या वेगळ्या. आणि जो काही खरंच उरला, ज्याचं काहीच होत नाही, तो काळ्या पिशवीतला कचरा पंधरा दिवसांतून एकदा. कॉन्वी नावाच्या काऊंटीने तर २०१८ पासून तो चार आठवड्यांतून एकदाच न्यायला सुरुवात केली, लोकांनी बोंबाबोंब केली पण कौन्सिल (म्हणजे तिथली स्थानिक पालिका) हललं नाही. कौन्सिलने टार्गेट गाठलं नाही तर कमी पडलेल्या दर टनामागे २०० पौंड दंड लावायची सोय कायद्यात आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी हाच वेल्स पाच टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे तिथले लोक काही जन्मजात शिस्तीचे वगैरे नव्हते, तो आपला गैरसमज आहे, ते करायला भाग पाडले गेले.

तर त्यांचा ६६.६ म्हणजे रिसायकल झालेला, खत किंवा बायोगॅस झालेला कचरा. आपला ६६.५ म्हणजे 'प्रक्रिया'. आणि प्रक्रिया या शब्दात काय काय बसतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. ओल्याचं खत बसतं, बायोगॅस बसतो, सुक्यातून वेगळं काढलेलं प्लास्टिक-कागद बसतं, ते ठीकच आहे. पण सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवलेला आरडीएफ (सुक्या कचऱ्याचं केलेलं जळण) सुद्धा बसतो, वीज करायला जाळलेलाही बसतो, आणि मिक्स कचरा चाळणीतून काढून जे काळं, काचेच्या तुकड्यांचं 'खत' तयार होतं जे शेतकरी फुकटसुद्धा नेत नाही, तेही बसतं. जाळणं वाईटच असं मी म्हणत नाहीये हां, चिप्सच्या पाकिटाचं दुसरं करणार तरी काय, पण जाळलेल्याला रिसायकल म्हणू नका आणि एका ढिगात मोजू नका एवढंच.

(निष्पक्षपणे सांगायचं तर वेल्सवालेही अगदी धुतल्या तांदळाचे नाहीत. कचरा जाळून जी राख उरते ती रस्त्याच्या भरावात वापरली की तीसुद्धा ते आपल्या टक्क्यात धरतात, इंग्लंडचा जो घरगुती कचऱ्याचा आकडा असतो त्यात ती राख धरत नाहीत. इंग्लंड २०२२ ला ४३.४ टक्क्यांवर होतं. राख वजा केली तरी वेल्स पुढेच राहतं, पण तुलना करताना हे कुठेतरी लिहिलेलं असतं, शोधलं की सापडतं, हा फरक आहे.)

आता त्याच तक्त्यात आपल्या शेजारपाजारचे बघा, फार मजा आहे. छत्तीसगड: रोज १,६५० टन कचरा झाला, १,६५० टन गोळा झाला, १,६५० टनांवर प्रक्रिया झाली, डेपोवर शून्य. शंभर टक्के! अंबिकापूरच्या बचतगटांच्या बायकांनी कचरा वर्गीकरणात खरंच मोठं काम केलंय, त्याबद्दल आदर आहे, पण अख्ख्या राज्यात एक टनही इकडचा तिकडे नाही? आमच्या घरात महिन्याचा हिशोब इतका तंतोतंत जुळला तर मी आधी संशय घेईन. पश्चिम बंगाल: १३,७०९ टनांपैकी जेमतेम ६६८ टनांवर प्रक्रिया, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. आणि केरळ, केरळची ओळ तर मी दोनदा वाचली. कचरा ३,५४३ टन, गोळा झाला साधारण ९६५ टन, आणि प्रक्रिया २,५५० टनांवर. जेवढा गोळा केला त्याच्या अडीचपटीपेक्षा जास्त कचऱ्यावर प्रक्रिया!

पहिल्यांदा वाटतं टायपिंग चुकलं. पण केरळची पद्धत माहीत असली की उलगडतं. तिथे ओला कचरा घराबाहेर काढायचाच नाही असा जोर आहे, परसातला खड्डा, पाइप कंपोस्ट, घरगुती बायोगॅस, जे काय जमेल ते. आणि सुकं प्लास्टिक न्यायला हरित कर्म सेनेच्या बायका दारात येतात, महिन्याचे ठराविक पैसे घेतात. म्हणजे जो ओला कचरा महापालिकेच्या गाडीत कधी पडलाच नाही तो त्यांनी प्रक्रियेत धरला, जे तर्काला धरून आहे. आपल्याकडे कोकणात कुणाच्या परसात नारळाची झावळी, आंब्याची पानं, भाजीची सालं अजूनही माडाच्या बुंध्यात जातात, ती आपण कुठे मोजतो? कुठेच नाही. म्हणजे जी आजी पन्नास वर्षं हे करतेय तिचं काम शून्य आणि ज्याने कोट्यवधींचं मशीन लावलं त्याचं शंभर. आणि तरीही, इतकं सगळं असूनही, मार्च २०२३ मध्ये कोचीच्या ब्रह्मपुरमचा डोंगर पेटला आणि शहर कित्येक दिवस धुरात होतं. म्हणजे राज्याचा सरासरी टक्का चांगला असला म्हणून तुमच्या गल्लीत धूर येणार नाही याची गॅरंटी नाही.

आपल्या ओळीत परत येऊ. २२,५८४ टन गोळा झाला, १५,०५६ प्रक्रिया, १,३५५ लँडफिलला. वजाबाकी करा की. सहा हजार टनांच्या वर कचरा असा उरतो जो घंटागाडीने उचलला तर आहे, पण प्रक्रियेतही नाही आणि डेपोवरही नाही. रोजचा! दहा टनाचा ट्रक धरला तर सहाशेच्या वर ट्रक, दररोज, निघाले आणि कागदावर कुठे पोचलेच नाहीत. देशाचा असा 'हिशोबाबाहेरचा' आकडा त्या अहवालातच ५०,६५५ टन दिलाय, एकूण कचऱ्याच्या ३१.७ टक्के. सरकारी अहवालात सरकारच सांगतंय की जवळपास एक तृतीयांश कचऱ्याचं काय झालं ते आम्हाला माहीत नाही, आणि आपण रँकिंगची भांडणं करतोय. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राला कचरा आणि सांडपाण्यापायी १२,००० कोटींचा दणका दिला तेव्हाही दोन दिवस बातम्या झाल्या, मग सगळे विसरले.

हे ट्रक जातात कुठे? काही खाडीच्या कडेला, काही हायवेच्या खाली, काही जुन्या ढिगावर तसेच. देवनारचा डेपो १९२७ पासून चालू आहे, जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तर धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याचा कचरा किती वर्षं सोसला आणि कितीदा गाड्या अडवल्या हे तिथल्या कुणालाही विचारा. प्रत्येक वेळी गावाने गाड्या अडवल्या की मग शहराला आठवतं की ओला-सुका वेगळा करायला पाहिजे, महिनाभर पत्रकं वाटली जातात, मग परत तेच.

आता माझ्या गेटवरचं सांगते. आमच्या महापालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की हे पत्र त्या एका महापालिकेविरुद्धचं होईल आणि बाकीचे सुटतील. आमच्या सोसायटीत सव्वाशे फ्लॅट, मी सेक्रेटरी (कुणी व्हायला तयार नसतं म्हणून). ओला-सुका वेगळा करायला लोकांना लावणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. दुधाच्या पिशवीचंच घ्या. बहुतेक जण कोपरा पूर्ण कापून टाकतात, तो नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात जातो, तिथून खतात, आणि तो कशानेच बाहेर काढता येत नाही. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवायचा, पिशवी धुवून उलटी करून वाळत टाकायची, की ती सुक्यात चांगल्या भावाने जाते, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं, भंगारवाले हौसेने घेतात. हे मी नोटीस बोर्डावर लिहिलं, ग्रुपवर व्हिडिओ टाकला, तळमजल्याच्या काकूंनी तर कापायच्या कात्र्या वाटू का विचारलं. हळूहळू जमलं. आता आमचे डबे बघण्यासारखे असतात.

आणि मग सकाळी गाडी येते. गाडीला दोन कप्पे आहेत, हिरवा-निळा रंग दिलेला, मधला पत्रा मात्र गंजून अर्धा गेलेला. पुढच्या चौकात कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारा मोठा ट्रक) उभा असतो त्यात दोन्ही कप्पे एकत्रच उलटे होतात. कामगारांना विचारलं तर ते म्हणतात, "मॅडम, आम्हाला खेपा मोजून पैसे, तिकडं वेगळं उतरवायला जागाच नाय." त्यांची चूक काहीच नाही. ज्या कॉन्ट्रॅक्टरला टनावर पैसे मिळतात त्याला कचरा कमी झालेला कसा परवडेल? त्याला जड कचरा हवा, पावसाळ्यात भिजलेला तर आणखी छान, माती-राडारोडा मिसळला तर सोन्याहून पिवळं. आम्ही वेगळा केला म्हणून आमच्या वॉर्डाचं 'सेग्रिगेशन' शंभर टक्के लागतं आणि चौकात तो परत एक झाला हे कुठल्याच कॉलममध्ये येत नाही. म्हणून म्हणते, वेगळा केलेला कचरा दारात मोजू नका. शेवटच्या जागी मोजा.

हे माझं डोकं नाही, युरोपने हेच केलंय. आधी तिथेही देशोदेशी वेगवेगळं मोजायचे, कुणी लोकांनी डब्यात काय टाकलं ते धरायचं, कुणी सॉर्टिंग सेंटरमधून बाहेर काय पडलं ते. मग युरोपियन युनियनने नियम बदलला, प्रत्यक्ष रिसायकलिंगच्या मशीनमध्ये जेवढं गेलं तेवढंच धरायचं, मधे जे घाण निघालं, वाया गेलं, ते वजा. एकाने सकाळी उपाशीपोटी वजन करायचं आणि दुसऱ्याने जेवून, बूट घालून, आणि मग दोघांनी भांडायचं, असं चाललं होतं ते त्यांनी थांबवायचं ठरवलं. जर्मनी वर्षानुवर्षं पासष्टच्या पुढे टक्के सांगतो, पण एका अभ्यासात सगळ्यांना एकच फूटपट्टी लावून बघितलं तर तो छप्पनवर आला. तरी वरच्या नंबरातच होता, अब्रू काही गेली नाही.

आणि टक्का कमी म्हणजे कचरा रस्त्यावर असंही नसतं. जपानचा रिसायकलिंगचा टक्का वीसच्या आसपास आहे, ऐकून लोकांना खोटं वाटतं, रस्ते तर आरशासारखे. कारण ते बहुतांश जाळतात. त्याच जपानात कामिकात्सु नावाचं दीडएक हजार वस्तीचं डोंगरातलं गाव आहे, तिथे लोक चाळीसहून जास्त प्रकारांत कचरा वेगळा करतात आणि ऐंशी टक्के रिसायकल करतात. एकाच देशात वीस आणि ऐंशी. म्हणून 'महाराष्ट्र ६६.५' या आकड्याचा मला तसा काहीच उपयोग नाही, मला माझ्या शहराचा, माझ्या वॉर्डाचा पाहिजे.

इथे रँकिंगबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. स्वच्छ सर्वेक्षण, म्हणजे केंद्र सरकारची शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी, २०१६ ला सुरू झालं, ७३ शहरं होती, म्हैसूर पहिलं आलं, २०१७ ते २०२३ इंदूर. इंदूरचं कौतुक खरंच आहे, २०२२ ला ५५० टनांचा बायो-सीएनजी प्लांट सुरू केला आणि तो चालतो याचं कारण मशीन नाही, कारण ओला कचरा खरोखर ओलाच येतो हे आहे. २०२३ च्या निकालात महाराष्ट्र राज्यांत पहिला, एक लाखाच्या आतल्या गावांत सासवड पहिलं, लोणावळा तिसरं, नवी मुंबई देशात तिसरी. छान वाटलं वाचून, उगाच नाकं मुरडणाऱ्यातली मी नाही. पण सर्वेक्षणाचे दिवस आले की आमच्याकडे काय होतं? उड्डाणपुलाच्या खांबांवर वारली चित्रं निघतात, कचराकुंड्या रात्रीत गायब होतात (कचरा नाही, कुंड्या), आणि नगरसेवकाच्या ऑफिसमधून ग्रुपवर लिंक येते की फीडबॅक द्या, सगळ्यांना 'होय' करा. ह्याला मार्क आहेत. पण दुधाच्या पिशव्या शेवटी कुठल्या गावच्या कारखान्यात गेल्या याला नाहीत.

गावागावांची तुलना करताना आणखी एक बघायला पाहिजे. इंग्लंडमध्ये साऊथ ऑक्सफर्डशायर साठच्या वर असतं आणि लंडनचं टॉवर हॅम्लेट्स वीसच्या आत. ऑक्सफर्डशायरवाले जास्त सज्जन आहेत का? तसं काही नाही. त्यांच्याकडे बंगले आहेत, बागा आहेत, कापलेलं गवत वजनाला जड असतं आणि ते खतात जातं, टक्का आपोआप वर. टॉवर हॅम्लेट्समध्ये बिल्डिंगी, भाड्याने राहणारे, एका कचऱ्याच्या खोलीत शंभर घरं. आता हेच इकडे लावा. वेंगुर्ल्याने डेपोच्या जागेवर बाग उभी केली, कचरा विसाच्या वर प्रकारांत वेगळा केला, बायोगॅस केला, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी ते करून दाखवलं आणि राज्यभरातून लोक बघायला गेले. पणजीत कचरा सोळा प्रकारांत वेगळा करतात, साळगावचा प्लांट बघायला आपले अधिकारी जाऊन आलेच असतील. सगळं उत्तम. पण अख्ख्या गोव्याचा कचरा त्या तक्त्यात २२७ टन आहे, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढा. वेंगुर्ल्याची फुटपट्टी घेऊन गोवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या बाईला विचारणार का, की तुझे चार डबे कुठायत? तिच्याकडे एक बादली ठेवायला जागा नाही, आणि आता घनकचऱ्याचे २०२६ चे नवे नियम ओला, सुका, सॅनिटरी, स्पेशल केअर (बल्ब, जुनी औषधं वगैरे) असे चार भाग सांगतायत. म्हणून चाळ-झोपडपट्टीचा वॉर्ड तशाच वॉर्डाशी ताडून बघा, बंगल्यांचा बंगल्यांशी, कोकणातलं गाव कोकणातल्या गावाशी, मग कळेल कोण खरंच काम करतंय.

वजनाचीही एक गंमत आहे. हे सगळे टक्के किलो-टनात. आपल्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला, त्यात शहाळी, कलिंगडाच्या साली, गणपतीत निर्माल्य, सगळं जड. नुसत्या ओल्याचं खत केलं तरी टक्का टकाटक दिसतो. आणि शॅम्पूची पुडी, गुटख्याचं पाकीट, वेफर्सचं रिकामं पाकीट यांचं वजन किती, काहीच नाही. पण नाला तुंबतो तो कलिंगडाच्या सालीने नाही तुंबत, २६ जुलै २००५ नंतर हे नव्याने सांगायला नको. म्हणजे ७० टक्के रिसायकलिंगवालं शहरसुद्धा पावसाळ्यात पुड्या-पाकिटांपायी बुडू शकतं. त्या पाकिटांची वेगळी ओळ असू द्या तक्त्यात, कंपन्यांकडून ईपीआरच्या (आपल्या पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीनेच घ्यायची, त्या नियमाच्या) नावाखाली कागदं येतात ती आणि ही ओळ शेजारी ठेवून बघू द्या आम्हाला.

आणि सगळ्यात मोठी गाळलेली जागा म्हणजे भंगार. माझ्या घरातली रद्दी, पुठ्ठे, तेलाचे डबे, पितळी नळ, बिअरच्या बाटल्या (नवऱ्याच्या मित्रांच्या, लिहून ठेवते) हे कधीच घंटागाडीत जात नाही, ते भंगारवाल्याकडे जातं. गाडीत गेलं तरी त्यातलं कामाचं कचरावेचक बायका आधीच काढून घेतात. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, पुढे त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली, हजारो बायका-माणसं दारोदार जाऊन कचरा घेतात आणि शेडमध्ये बसून वेगळा करतात. एकदा अशा शेडमध्ये थोडा वेळ उभं राहून बघा. बाटली हातात आली की झाकण वेगळं, त्याच्या खालची रिंग वेगळी, लेबल वेगळं, कारण बाटलीपेक्षा त्यांचं प्लास्टिक वेगळं आणि भाव वेगळा. प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर आपटून आवाजावरून ओळखतात कुठल्या जातीचं ते. पुठ्ठा ओला असला तर व्यापारी वजनात कापतो म्हणून ऊन पडलं की आधी पुठ्ठा बाहेर. हे खरं रिसायकलिंग, आणि बऱ्याच शहरांच्या रिपोर्टमध्ये हे एक किलोसुद्धा धरलेलं नसतं, कारण ते महापालिकेच्या वजनकाट्यावरून जातच नाही. म्हणजे एकीकडे जाळलेला कचरा धरून टक्का फुगवायचा आणि दुसरीकडे जे खरोखर कारखान्यात परत गेलं ते सोडून द्यायचं. मग सर्टिफिकेट हॉलमध्ये कोण घेतं? मेयर साहेब आणि कॉन्ट्रॅक्टर.

आता मागणी. ब्रिटनमध्ये २००४ पासून वेस्टडेटाफ्लो नावाची एक सिस्टिम आहे, प्रत्येक कौन्सिल त्यात दर तीन महिन्यांनी भरतं की किती टन घेतला, कशाचा, तो कुठे गेला. वेल्समध्ये तर लोकांसाठी वेगळी साइट आहे, आपल्या कौन्सिलवर क्लिक केलं की कळतं काच कुठे गेली, प्लास्टिक कुठल्या देशात गेलं. आपल्याकडे २०१६ च्या नियमांप्रमाणे महापालिका फॉर्म ४ (कचऱ्याचा वार्षिक अहवाल) भरत आल्याच आहेत, बऱ्याच गाड्यांना जीपीएस आहे, डेपोवर कॉम्प्युटरचा वजनकाटा आहे, माणसं आहेत. नवीन ॲप काढू नका हो, हात जोडते, प्रत्येक आयुक्तांचं एक ॲप माझ्या फोनमध्ये पडून आहे. जे आहे तेच सगळ्या शहरांनी एकाच नमुन्यात दर तिमाहीला लोकांसमोर टाका. वॉर्डाप्रमाणे. ओला किती आला आणि त्यातून विकलं गेलेलं खत किती, बनवलेलं नाही, विकलं गेलेलं. सुका किती, त्यातला कारखान्यात किती पोचला, जाळायला किती गेला, डेपोवर किती पडला. भंगारवाल्यांच्या आणि कचरावेचकांच्या वजनाचा अंदाज दुकानांच्या पावत्यांवरून घेता येतो, तो त्यांच्या नावाने वेगळा लिहा, त्यावर कर लावायला किंवा त्यांना हाकलायला वापरू नका. आणि कॉन्ट्रॅक्टरला टनावर पैसे देणं बंद करा, निदान मिक्स कचऱ्याच्या टनाचे तरी. आमच्या चौकातला कॉम्पॅक्टर त्या दिवशी आपोआप हलेल.

असं केलं तर पहिल्या वर्षी राज्याचा टक्का धाडकन खाली येईल. ६६ चा कदाचित चाळीस होईल, कदाचित त्याहून कमी, विरोधी पक्ष सभागृहात ओरडेल, चॅनलवाले 'महाराष्ट्र घसरला' म्हणून लाल पट्टी चालवतील. त्याला तयार राहा. तुमची बदली होईल की काय ही भीती मी समजू शकते, माझे सासरे सरकारी नोकरीतच होते. पण सगळ्या महापालिका एकाच दिवशी, एकाच नमुन्यात खाली आल्या तर एकट्या कुणाची बदनामी होत नाही, म्हणून तर हे पत्र एका आयुक्ताला न लिहिता सगळ्यांना मिळून लिहिलंय आणि वर नगरविकास विभागाचं नाव टाकलंय, कारण नमुना तुम्हीच ठरवू शकता.

एक विनंती. याचं उत्तर 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे' असं नको, तशी पत्रं माझ्याकडे फायलीत आहेत आणि ती रद्दीत घालायचीयत. येत्या तिमाहीचा एका तरी शहराचा, कुठल्याही, वरच्या नमुन्यातला तक्ता वेबसाइटवर टाका. मराठीत, आणि स्कॅन केलेला तिरका पीडीएफ नको, बेरीज-वजाबाकी करता येईल अशी फाइल.

कळावे,

गेटवर गाडी येते तेव्हा हजर असणारी,
एका सोसायटीची सेक्रेटरी